माजी सैनिकाला शासकीय सेवेत आणि सामाजिक संस्थांत काम मिळवून देताना : कोल्हापूर जिल्ह्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यात पेन्शनीवर आलेल्या फौजीला गाव सरसकट 'मेजर' म्हणते, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. हाक प्रेमाची असली तरी तिच्यात एक गोम आहे. हे मेजर इतकी वर्षे नेमके काय करत होते हे हाक मारणाऱ्याला माहीत नसते आणि पुष्कळदा नोकरी देणाऱ्यालाही माहीत नसते. त्यामुळे शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी किंवा करवीरमधील गिरगाव यांसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या गावांतही चाळिशीच्या आतबाहेर परतलेल्या माणसापुढे बहुधा दोनच गोष्टी ठेवल्या जातात : एटीएमबाहेरची सुरक्षारक्षकाची खुर्ची, नाहीतर घरचा ऊस. दोन्हींत कमीपणा काही नाही. पण शंभर-सव्वाशे माणसांची रसद, हजेरी आणि आजारपण सांभाळलेल्या माणसाचा तो पुरता उपयोगही नव्हे.

मी आयुष्यभर आस्थापना शाखेत लिपिक होतो. भरतीच्या अर्जांची छाननी होते त्या टेबलाच्या आतल्या बाजूला मी बसलो आणि निवृत्तीनंतर धाकट्या फौजी भावाच्या निमित्ताने त्याच टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की माजी सैनिकाची अडचण पात्रतेची क्वचितच असते. त्याचे काम कार्यालयाला वाचता येईल अशा भाषेत कागदावर आलेले नसते आणि ते आणण्याची सुरुवात फार उशिरा होते. हा लेख माजी सैनिकांसाठी आहेच, पण त्याहून अधिक तो त्यांच्या शेजारी बसून अर्ज भरणाऱ्या भावा-बहिणींसाठी, मुलांसाठी आणि गावातील जुन्या फौजींसाठी आहे.

पहिली पायरी : घरी येण्याआधीचे वर्ष

केंद्र शासनाच्या नियमांनुसार सेवेचा करार संपायला वर्ष किंवा त्याहून कमी काळ उरलेला सैनिक नागरी पदांसाठी माजी सैनिक म्हणून अर्ज करू शकतो; त्यासाठी युनिटचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ही सोय अनेकांना डिस्चार्ज होऊन घरी आल्यावर कळते, तोपर्यंत एक-दोन मोठ्या भरती हातून गेलेल्या असतात. म्हणून शेवटच्या मोठ्या सुट्टीत लग्ने आणि जत्रा उरकतानाच दोन दिवस यासाठी राखून ठेवावेत.

याच वर्षात संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करता येतात. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांचे शुल्क महासंचालनालय भरते, अधिकाऱ्यांना त्यातील काही भाग स्वतः उचलावा लागतो. अभ्यासक्रम निवडताना मात्र 'सगळे जे घेतात ते' घेऊ नये. सुरक्षा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम लोकप्रिय आहे, कारण त्याची वाट ठरलेली आहे. परंतु ज्याला तहसील कार्यालयात, बँकेत किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर काम करायचे आहे त्याला संगणक, हिशेब, साठा व्यवस्थापन किंवा आपत्ती व्यवस्थापन यांचा उपयोग जास्त होईल.

आणखी एक तयारी वरवर क्षुल्लक वाटते आणि नंतर सर्वांत जास्त नडते, ती मराठीची. वीस वर्षे हिंदीत बोललेला, फौजेच्या ठरावीक इंग्रजी नमुन्यांत लिहिलेला माणूस शुद्ध मराठीत अर्धे पान लिहायला बसला की अडखळतो. राज्य शासनाचे सारे काम मराठीत चालते, परीक्षेत मराठी व्याकरण असते आणि सामाजिक संस्थेचा मासिक अहवालही बहुतेक वेळा मराठीतच द्यावा लागतो. सेवेच्या शेवटच्या वर्षात रोज एक मराठी वर्तमानपत्र वाचणे आणि आठवड्याला एक पत्र हाताने लिहून घरी धाडणे, एवढ्यानेही हात मोकळा होतो. (माझ्या भावाने अशी अकरा पत्रे पाठवली. त्यांतील तिसऱ्या पत्रापासून 'मैं कुशल हूँ' ही सुरुवात गेली.)

दुसरी पायरी : कागद

घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. ही नोंदणी दोन प्रकारची असते : एक माजी सैनिक म्हणून, तिच्यावरून ओळखपत्र मिळते, दुसरी रोजगारासाठी, तिच्यावरून रिक्त पदांसाठी नावे पाठवली जातात. पुष्कळ जण ओळखपत्र हाती आले की काम झाले असे समजतात. रोजगार नोंदणी झाली की नाही, ते वेगळे विचारून घ्यावे आणि तिचे नूतनीकरण कधी आहे तेही लिहून ठेवावे.

त्यानंतर एका जाड फायलीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दहावीचे किंवा फौजेतील शिक्षणाचे प्रमाणपत्र, अधिवास दाखला, आधार, पॅन आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र लावावे. जात वैधता मिळायला महिने लागतात, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता तो अर्ज आधीच करावा.

मी छाननीला बसत असे तेव्हा माजी सैनिकांचे अर्ज ज्या कारणाने सर्वाधिक बाजूला पडत, ते कारण म्हणजे कागदांतील तफावत. डिस्चार्ज बुकात नाव 'शिवाजी', आधारवर 'शिवाजीराव'. डिस्चार्ज बुकात फक्त वडिलांचे नाव, दहावीच्या दाखल्यावर आडनावासह पूर्ण नाव. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. फौजेच्या नोंदी भरती होताना एकदा झालेल्या असतात आणि त्यानंतरचा बदल पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैनिकाच्या नोंदीतील बदलाच्या लेखी आदेशाने, रेकॉर्ड ऑफिसमार्फतच होतो. माझ्या भावाच्या बाबतीत एका कार्यालयाने अशाच फरकावरून अर्ज अपात्र ठरवला आणि कारण कळवले ते अंतिम यादी लागून गेल्यावर. तेव्हापासून मी येईल त्याला एकच काम आधी सांगतो : सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा, प्रत्येकावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख एका कोऱ्या कागदावर उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे कोणता कागद बदलणे सोपे ते ठरवा. बहुधा आधार दुरुस्त करणे सोपे पडते, पण जन्मतारीख दहावीच्या दाखल्याशी जुळत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला सेवेत असतानाच लिहिणे शहाणपणाचे.

येथेच व्याख्याही पाहून घ्यावी. ज्याला पेन्शन मिळते तो माजी सैनिक, असे ढोबळमानाने म्हणता येते. वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेले आणि करार पूर्ण करून सुटलेले यांचाही त्यात समावेश होतो. मात्र पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला किंवा गैरवर्तनावरून काढलेला माणूस त्यात बसत नाही. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांची चार वर्षे संपल्यावर त्यांना माजी सैनिकाचा दर्जा आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा आणि वयाची सवलत अशी स्वतंत्र तरतूद आहे. घरात काका माजी सैनिक आणि पुतण्या अग्निवीर असेल, तर दोघांचे नियम एकाच वहीत लिहू नयेत.

तिसरी पायरी : फौजेतील काम नागरी भाषेत लिहिणे

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडा वेळ घेतो.

भावाने पहिला बायोडाटा आणला तो सायबर कॅफेवाल्याने तयार करून दिलेला होता. त्यात 'शिस्तप्रिय, मेहनती, प्रामाणिक' हे तीन शब्द, खाली पदकांची यादी आणि 'सीक्यूएमएच, ३ वर्षे' (म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार) एवढेच. तो कागद बाजूला ठेवून मी त्याला विचारले, "सकाळी उठून काय करायचास?"

"रसद बघायचो की, दादा."

"किती माणसांची?"

"एकशे वीस. कधी अटॅचमेंटची धरून दीडशे."

"कुठून यायची?"

"खालून गाडीनं. बर्फ पडला की रस्ता बंद. मग दोन-अडीच महिन्यांचं आधीच वर चढवून ठेवायचं. पीठ, डाळ, रॉकेल, औषधं."

"काही कमी पडलं, नासलं, चोरीला गेलं?"

यावर तो जरा दुखावलाच. "नाही. एक डबा नाही."

त्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून जे लिहून निघाले ते असे : 'डोंगराळ, बर्फाच्छादित प्रदेशात १२० ते १५० व्यक्तींसाठी धान्य, इंधन व औषधांचा साठा तीन वर्षे सांभाळला. रस्ता बंद राहण्याच्या दोन ते अडीच महिन्यांच्या काळासाठी आगाऊ मागणी, वाहतूक व साठवणुकीचे नियोजन केले. साठ्याच्या नोंदवह्या व नियमित पडताळणीची जबाबदारी. तीन वर्षांत तफावत नाही.' 'मेहनती' हा शब्द आता लिहावा लागला नाही.

हीच पद्धत प्रत्येक कामाला लागू पडते. कंपनी हवालदार मेजर म्हणजे हजेरी, रजा, ड्यूटीवाटप आणि तक्रार निवारण करणारा माणूस. कोतचा, म्हणजे हत्यारांच्या कोठीचा, एनसीओ (हवालदार किंवा नायक) म्हणजे जोखमीच्या साहित्याची रोजची देवघेव, मोजणी आणि नोंद. एमटीचा, म्हणजे वाहन विभागाचा, हवालदार म्हणजे वाहनांचा ताफा, डिझेलचा हिशेब, चालकांच्या पाळ्या. नर्सिंग असिस्टंट, सिग्नलवाला, क्लर्क, एज्युकेशन हवालदार यांचे भाषांतर त्याहून सोपे. विचारताना चार प्रश्न पुरतात : किती माणसे, किती साहित्य किंवा पैसा, किती काळ, आणि काय बिघडले तेव्हा काय केले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलाखतीसाठी जपून ठेवावे.

काही गोष्टी मुद्दाम गाळाव्यात. युनिटची तैनाती, चौक्यांची नावे, कारवायांचे तपशील हे बायोडाटात लिहू नयेत. त्यांची तिथे गरज नसते आणि गोपनीयतेचे बंधन निवृत्तीनंतरही संपत नाही. 'उत्तरेकडील सीमाभाग' एवढे पुरते. संक्षेप सगळे उलगडावेत; नागरी अधिकाऱ्याला 'जेसीओ' कदाचित समजेल, 'बीएचएम' नक्की समजणार नाही.

चौथी पायरी : शासकीय पदे

महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर या शब्दाचा अर्थ नीट कळला पाहिजे. माजी सैनिकांचा वेगळा ढीग नसतो. खुला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती असा जो प्रत्येकाचा सामाजिक प्रवर्ग, त्याच्या आत माजी सैनिकांच्या जागा असतात. म्हणून जाहिरातीतील तक्त्यात आपल्या प्रवर्गाची ओळ आणि 'माजी सैनिक' हा रकाना जिथे छेदतात तो आकडा पाहायचा. तिथे शून्य असेल आणि शेजारच्या प्रवर्गात चार असतील, तर त्या चारांवर आपला हक्क नाही. हे आधी समजले तर अर्जाचे शुल्क आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

केंद्र शासनाच्या कार्यालयांत गट क मध्ये १० टक्के, तर सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत गट क मध्ये १४.५ टक्के जागा राखीव असतात, या १४.५ मध्ये अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्यांचे अवलंबित यांचे ४.५ टक्के धरलेले आहेत. बँकेतील लिपिकाची परीक्षा आपल्याकडचे फौजी मोठ्या संख्येने देतात. पगार ठरलेला, बदली आटोपशीर, ही कारणे योग्यच आहेत.

वयाच्या बाबतीत भीती बाळगायचे कारण नाही. केंद्राच्या गट क पदांसाठी प्रत्यक्ष वयातून सेवेची वर्षे वजा करतात आणि उरलेला आकडा पदाच्या कमाल वयापेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावा, एवढीच अट असते. समजा कमाल वय २७ आहे. एकेचाळीस वर्षांच्या माणसाची वीस वर्षे सेवा झाली असेल तर ४१ वजा २० म्हणजे २१. मर्यादा ३० पर्यंत जाते. तो आरामात बसतो. राज्यातही सेवेचा कालावधी अधिक तीन वर्षे अशीच सवलत आहे.

शिक्षणाची सवलत याहून महत्त्वाची, आणि तिच्याविषयी गैरसमजही अधिक. केंद्राच्या नियमानुसार दहावी किंवा फौजेचे तत्सम प्रमाणपत्र असलेला, किमान १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक पदवीची अट असलेल्या गट क पदांना पात्र धरला जातो, मात्र त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक नसावा. याचा अर्थ त्याला पदवी मिळाली असा होत नाही. गट ब किंवा गट अ साठी, शिक्षकपदासाठी, पुढच्या शिक्षणासाठी ही सवलत चालत नाही. म्हणून ज्याच्या हातात चार-पाच वर्षे आहेत त्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून खरीखुरी पदवी करून ठेवावी. जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेच्या परिच्छेदात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र वाक्य असते. ते न वाचता 'पदवी नाही' म्हणून अर्जच न केलेले लोक मी पाहिले आहेत, आणि 'सवलत आहे' म्हणून तांत्रिक पदाला अर्ज करून बाद झालेलेही.

लिपिक पदांसाठी मराठी टंकलेखन ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट बहुतेक ठिकाणी असते. बोटे रायफलवर बसलेली असली तरी सहा महिन्यांत कीबोर्डवर बसतात, फक्त रोज तासभर हवे.

आता एक नियम, ज्याने जाणत्यांनाही चकवले आहे. केंद्र शासनात माजी सैनिक म्हणून एकदा आरक्षणाचा लाभ घेऊन रुजू झाले की पुढील नोकरीसाठी ते आरक्षण संपते. परंतु २०१४ च्या केंद्रीय आदेशानुसार, पहिल्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी ज्या इतर पदांसाठी अर्ज केले होते त्यांची लेखी माहिती रुजू होताच नव्या कार्यालयाला दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. म्हणून अर्ज केलेल्या सर्व पदांची तारीखवार यादी करून ठेवावी आणि रुजू होण्याच्या दिवशीच ती आवक क्रमांक घेऊन द्यावी. आवक क्रमांकाशिवाय दिलेला कागद न दिल्यासारखाच असतो, हे तीस वर्षे आवक-जावक पाहिलेल्या माणसाचे म्हणणे समजावे.

राज्याच्या सैनिक कल्याण विभागातील पदांकडे मात्र हवे तितके लक्ष जात नाही. कल्याण संघटक, सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहाचे अधीक्षक ही पदे माजी सैनिकांमधून भरली जातात. कल्याण संघटक तालुक्यातालुक्यांत फिरून वीरपत्नींची पेन्शन, शिष्यवृत्ती आणि अडलेले कागद मार्गी लावतो. ज्याला वर्दी उतरवूनही आपल्याच माणसांसाठी राबायचे आहे त्याच्यासाठी यापेक्षा जवळचे काम नाही.

परीक्षेबाहेरच्या काही वाटा

गावातच राहायचे असेल आणि वय ४५ च्या आत असेल तर पोलीस पाटील पदाचा विचार करावा. दहावी उत्तीर्ण, त्या गावचा रहिवासी, वय २५ ते ४५ अशा त्याच्या मुख्य अटी आहेत आणि नेमणूक उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक होता येते. २०२५ मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केल्यापासून, जमिनीच्या वादात सापडलेल्या जवानाच्या घरी कायद्याची पहिली ओळख करून देणाऱ्या माणसांची गरज वाढली आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला पेन्शन आड येत नाही. त्या वाटेबद्दल मी अधिक काही लिहीत नाही, तिचे जाणकार प्रत्येक पारावर आहेत.

पाचवी पायरी : सामाजिक संस्था

संस्थेत नोकरी म्हणजे काय, याची कल्पना फौजीच्या घरात सहसा नसते. 'समाजसेवा म्हणजे फुकट' असा समज एकीकडे, 'एनजीओवाल्यांकडे परदेशी पैसा' असा दुसरीकडे. वस्तुस्थिती अशी की बहुतेक संस्था प्रकल्पावर चालतात. एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा), एखादी शासकीय योजना किंवा एखाद्या प्रतिष्ठानचे अनुदान एक ते तीन वर्षांसाठी येते, तेवढ्या काळासाठी माणसे नेमली जातात आणि प्रकल्प संपला की करार संपतो. ज्याने वीस वर्षे पगाराच्या तारखेचा विचार केला नाही त्याला हे आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पेन्शन असल्यामुळे ही अनिश्चितता तो इतरांपेक्षा अधिक पेलू शकतो, हीच त्याची जमेची बाजू.

कोल्हापुरात काम शोधताना सुरुवात आपल्या हाताला साजेशा क्षेत्रापासून करावी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले इथली गावे पाण्यात असताना बोट कुणाला द्यायची, जनावरे कुठे हलवायची, औषधांची यादी कोण करणार, हे ठरवणारी माणसे कमी पडली; धावणारी पुष्कळ होती. आपत्कालीन बचावात काम करणारी व्हाईट आर्मी कोल्हापूरचीच. जिल्हा प्रशासनाच्या 'आपदा मित्र' प्रशिक्षणातून स्वयंसेवक घडतात. माजी सैनिकाने इथे आधी विद्यार्थी म्हणून जावे, कारण नदीच्या पुराचे पाणी आणि सीमेवरची गस्त यांत फरक आहे.

पुराशिवायही क्षेत्रे आहेत. अपंगांच्या पुनर्वसनासाठी १९८४ पासून काम करणारी 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही इथली संस्था. वीटभट्टीवरच्या आणि शाळाबाह्य मुलांसाठी काम करणारी 'अवनि'. अशा ठिकाणी आज जागा आहे की नाही ते प्रत्यक्ष जाऊनच कळेल. पण वसतिगृह, वाहने, भांडार, स्वयंपाकघर, बांधकामावर देखरेख ही कामे प्रत्येक निवासी संस्थेत असतात आणि तिथे अनुभवी माणूस हवाच असतो. स्वतःलाच अपंगत्व आलेल्या सैनिकासाठी पुण्यातील खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून व्यवसायशिक्षण देत आली आहे. तिथून शिकून आलेला माणूस अपंगांच्या संस्थेत जे शिकवू शकतो ते दुसऱ्याला जमणार नाही. ज्याला याच क्षेत्रात वरच्या जागेपर्यंत जायचे आहे त्याने पदवीनंतर समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. कोल्हापुरातच 'सायबर' (छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च) या संस्थेत ते उपलब्ध आहे.

नोकरी पक्की करण्याआधी तीन महिने आठवड्यातून दोन दिवस त्या संस्थेत विनावेतन जावे असे मी सुचवतो. तीनच महिने, आणि ते आधीच ठरवून. त्याला कारण आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार एका संस्थेच्या बचत गटांच्या कामावर लागले. पहिली बैठक सकाळी दहाची. साहेब पावणेदहाला समाजमंदिरात हजर, सतरंजी अंथरलेली, हजेरीची वही उघडी. बाया आल्या अकराला, डेअरीला दूध घालून, धारोष्ण दुधाचा वास पदराला घेऊन. साहेबांनी उशिराबद्दल उभ्यानेच दोन शब्द सुनावले. पुढच्या बैठकीला सतरापैकी चार जणी आल्या. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "माझं काय चुकलं सांगा, वेळ त्यांनीच दिली होती." चूक वेळेची नव्हती. फौजेत हुकूम दिला की काम होते, कारण हुकमामागे व्यवस्था उभी असते. इथे येणे किंवा न येणे हे सर्वस्वी त्या बाईच्या हातात आहे. त्यांनी मग प्रत्येकीच्या घरी जाऊन धारेची वेळ विचारली आणि बैठक दुपारी दोनला नेली. हा बदल ज्याला तीन महिन्यांत जमत नाही त्याने भांडार, वाहने, सुरक्षा यांकडे वळावे. तेही संस्थेचेच काम आहे.

नेमणूक स्वीकारताना लेखी पत्र घ्यावे. त्यात मुदत, मानधन, प्रवासखर्च आणि साप्ताहिक सुट्टी हवी. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, तेव्हा तो विचारावा. आणि "तुम्हाला काय, पेन्शन आहे की" हे वाक्य कधी ना कधी कानावर येईल, त्याची तयारी ठेवावी. पेन्शन ही केलेल्या कामाची आहे, मानधन होणाऱ्या कामाचे. एवढे शांतपणे सांगून पुढे बोलावे. मानधन सोडायचेच असेल तर ते आपण आपल्या मर्जीने सोडावे, दुसऱ्याने गृहीत धरू नये.

स्वतःची संस्था काढण्याविषयी

चार फौजी एकत्र आले की पाचव्या दिवशी संस्था काढायची भाषा निघते. माझा सल्ला आहे की किमान वर्षभर दुसऱ्याच्या संस्थेत हिशेब कसा ठेवतात ते पाहावे. महाराष्ट्रात सात सभासदांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते, आणि ती फारशी अवघड नाही. अवघड असते ते त्यानंतरचे : दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल, सभांची इतिवृत्ते. सीएसआर निधी घ्यायचा तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या अवलंबितांसाठीच्या कामांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तीन वर्षे नेटकी वही ठेवलेल्या माजी सैनिकांच्या संस्थेला कंपन्यांच्या दारात उभे राहायला संकोच नको.

संस्थाचालकांसाठी आणि पहिल्या पगाराच्या वेळी

माजी सैनिकाला घेणाऱ्या संस्थेने पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगाव्यात : निर्णय कोण घेतो आणि नाराजी कुठे मांडायची. फौजेत हे दोन्ही लिहिलेले असते. आपल्याकडे ते चहाच्या टपरीवर ठरते, आणि नवा माणूस महिनाभर चुकीच्या माणसाला अहवाल देत राहतो. त्याला एक पूर्ण काम सोपवावे, उदाहरणार्थ भांडाराची फेरमोजणी किंवा वाहनांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक, आणि मध्ये हात घालू नये. मुख्य प्रवेशद्वारावर त्याला उभे करून 'मेजरसाहेब आहेत' म्हणून पाहुण्यांना दाखवणे बंद करावे.

पहिला पगार जमा होण्याआधी करसल्लागाराकडे एक चक्कर मारावी. पेन्शन आणि नवा पगार दोन्ही आयकरात पगार या सदराखालीच येतात. पेन्शन वितरित करणारे कार्यालय आणि नवी संस्था यांना एकमेकांची रक्कम माहीत नसते, म्हणून दोघेही कमी कर कापतात आणि मार्चनंतर एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पेन्शनचा आकडा नव्या कार्यालयाच्या लेखाशाखेला एप्रिलमध्येच लेखी कळवावा, आणि त्याही पत्रावर आवक क्रमांक घ्यावा.